मैदानाचे कुंपण

ज्युबिलीच्या वर्षी हाती घ्यावयाच्या कामांची जी यादी सभेपुढे मांडण्यात आली, तीत चर्चच्या छपराची डागडुजी, घंटेच्या मनोऱ्याची रंगसफेदी आणि वाचनालयाची कपाटे ही कामे अग्रभागी होती. आणि अगदी तळाशी, कागदावर जागा उरली म्हणून लिहिल्यासारखे, शाळेच्या मैदानाचे जुने कुंपण काढून नवे घालण्याचे काम नोंदविले होते. वरच्या कामांस पाव तासात संमती मिळाली. या शेवटच्या कामावर मात्र दोन बैठका खर्ची पडल्या. कोणी म्हणाले, आता तारा नकोत नि जाळ्या नकोत, आठ फुटी पक्की भिंतच उठवावी व तिच्या माथ्यावर काचा रोवाव्या. कोणी म्हणाले, तसे केल्यास मैदान कोंडवाड्यासारखे दिसेल. आणि एका वृद्ध गृहस्थांनी हळूच विचारले की, पूर्वेच्या कोपऱ्यात तार वाकवून जी वाट पडली आहे, तिचे काय करावयाचे? या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी कोणापाशीच नव्हते.

कुंपण ही वस्तू दिसते तितकी मुकी नव्हे. ते कोणी घातले, कोणासाठी घातले आणि कोणाविरुद्ध घातले, हे ते स्वतःच सांगत असते. म्हणून, नव्या कुंपणाचे खड्डे खणावयास लागण्यापूर्वी जुन्या कुंपणांची हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे आम्ही योजिले आहे. स्मरणिकेत बांधकामांचा इतिहास येतोच. कुंपणाचा सहसा येत नाही.

आपल्या वसईत तारेचे कुंपण ही तशी अलीकडची गोष्ट होय. केळी, पानवेली आणि फुलझाडे यांच्या वाड्यांनी हा प्रदेश प्रसिद्धीस आला, आणि प्रत्येक वाडीस जिवंत कुंपण असे. कोकणात ज्यास वई म्हणतात, तोच हा प्रकार. शेर, मोगली एरंड, कोयनेल, निवडुंग, घायपात, सागरगोटा अशी झाडे बांधावर दाटीने लावीत. यांतील निवड डोळसपणे केलेली असे. शेराची फांदी मोडली की पांढरा चीक येतो व तो डोळ्यांत गेल्यास आग होते, म्हणून गुरे त्यास तोंड लावीत नाहीत. मोगली एरंडाचा पालाही ती खात नाहीत आणि त्याची नुसती फांदी खोचली तरी पावसात मूळ धरते. कोयनेल खाऱ्या वाऱ्यास दाद देत नाही आणि कात्रीने छाटली की भिंतीसारखी सपाट होते. मोगली एरंड, निवडुंग व घायपात ही मूळची अमेरिका खंडातील. समुद्र ओलांडून ती या किनाऱ्यास लागली आणि आज आपण त्यांस घरचीच समजतो.

अशा कुंपणाचे वैशिष्ट्य हे की, ते एकदा घालून विसरता येत नाही. पावसाळ्याच्या तोंडी फांद्या खोचावयाच्या, पावसाळा सरला की छाटणी करावयाची, उन्हाळ्यात जेथे झाड वाळले असेल तेथे काटेरी फांदी दडपावयाची. ही कामे शेजाऱ्याच्या देखत आणि पुष्कळदा शेजाऱ्यासह करावी लागत, कारण बांध दोघांचा असे. जाण्यायेण्यासाठी बांबूच्या आडव्या दांड्यांचे कवाड असे. माणसाने दांडी सरकवून आत यावे, गुराला मात्र ते साधू नये, एवढीच त्याची करामत. जुन्या शाळांच्या मैदानांना कुंपण असलेच तर ते याच जातीचे असे. मैदानाचा मोठा शत्रू त्या काळी मनुष्य नव्हता. पावसाळ्यानंतर कोवळे गवत पाहून आत शिरणारी गाय आणि म्हैस हा होता. मोकाट गुरांमुळे होणाऱ्या नुकसानीसाठी सरकारने १८७१ साली स्वतंत्र कायदा केला आणि गावोगावच्या कोंडवाड्यांस त्याचा आधार मिळाला. गुरे पकडावयाची, दंड भरल्यावर सोडावयाची, असा तो व्यवहार होता. आजच्या मुलांस कोंडवाडा हा शब्द वर्गातील गर्दीचे वर्णन करण्यापुरताच ठाऊक असेल!

जिवंत कुंपणाची गोष्ट निघाली म्हणजे एका अजस्र कुंपणाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने मिठावर जबर कर बसविला होता. करापासून मुक्त असलेले मीठ चोरून आत येऊ नये म्हणून देशाच्या अंतर्भागातून एक जकातीची रेषा आखण्यात आली. १८६९ च्या सुमारास ती सिंधु नदीपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैल पसरली होती. आपल्या खानदेशाच्या वेशीवरील बुऱ्हाणपूर हे त्या रेषेवरचेच गाव. या रेषेच्या मोठ्या भागावर बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग आणि शेर यांचे दाट कुंपण वाढविण्यात आले आणि जेथे झाड रुजेना तेथे वाळलेल्या काट्यांची रास किंवा दगडी गडगा घालण्यात आला. जकात खात्याचे आयुक्त या नात्याने १८६७ ते १८७० या काळात या कुंपणाच्या वाढीस ज्यांनी विशेष हात लावला, ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. पुढे १८८५ साली मुंबईस राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले ते त्यांच्याच पुढाकाराने. इतिहासाला अशा गमती करण्याची हौस फार.

मनुष्याने लावलेल्या झाडांची एवढी मोठी ओळ जगात क्वचितच कोठे झाली असेल. पण तिच्या राखणीसाठी सुमारे १२,००० माणसे रात्रंदिवस पहाऱ्यावर ठेवावी लागत, आणि तरीही मीठ आत येतच असे. उंटांवरून, डोक्यावरून, कुंपणापलीकडे पोती फेकून, कसेही येई. १८७९ साली सरकारने ही जकातरेषा मोडली. पाहता पाहता कुंपण इतके नाहीसे झाले की, रॉय मॉक्सहॅम नावाच्या इंग्रज गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा माग काढावयाचे मनात आणले, तेव्हा अवशेष हुडकण्यास त्यांस अनेक खेपा घालाव्या लागल्या. ज्या कुंपणाविरुद्ध सारा मुलूख असतो, ते काट्यांवर उभे राहत नाही, पहारेकऱ्यावर उभे राहते. पहारेकऱ्याचा पगार थांबला की तेही संपले.

निवडुंगाचाही शेवट सांगण्यासारखा आहे. १७९५ साली कलकत्त्यास एक जातीचा किडा आणण्यात आला. त्यापासून किरमिजी रंग काढून धनवान होऊ, अशी त्या काळच्या कंपनी सरकारची आशा होती. किडा निघाला भलत्याच जातीचा. रंग बेताचाच मिळाला. परंतु त्याने निवडुंगाच्या एका जातीचा उत्तरेत पार फडशा पाडला. पुढे दक्षिण हिंदुस्थानात निवडुंगाची दुसरी एक जात माजून तिने शेतेच्या शेते व्यापिली, तेव्हा १९२६ साली सिंहलद्वीपातून दुसरा किडा मुद्दाम आणून सोडण्यात आला आणि त्याने काही वर्षांत तीही आटोक्यात आणिली. कुंपणानेच शेत खाल्ले ही म्हण आपण माणसांस लावतो. निवडुंगाने ती शब्दशः खरी करून दाखविली.

आता तारेकडे वळू. अमेरिकेतील सपाट गवताळ प्रदेशात लाकूड नाही, दगड नाही, आणि गुरांचे कळप मात्र लाखांचे. तेथे नुसती तार ताणली तर गुरे तिला अंग घासून ती पाडीत. १८६७ सालापासून तारेस काटे बसविण्याच्या युक्त्या निघू लागल्या, आणि इलिनॉय संस्थानातील डिकॅल्ब या गावचा शेतकरी जोसेफ ग्लिडन याने २४ नोव्हेंबर १८७४ रोजी ज्या तारेचा हक्क मिळविला, तिने बाजी मारली. त्याची युक्ती सोपी होती. काटा एका तारेभोवती वळवावयाचा व दुसरी तार तिच्याशी पिळून त्या काट्यास जागचे हलू द्यावयाचे नाही. आपल्या मैदानाभोवती जी गंजलेली तार आज लोंबत आहे, तिची पिळणी जवळ जाऊन पाहावी. युक्ती अद्याप तीच आहे.

ही तार स्वस्त, लवकर ताणता येणारी, आणि जेथे पूर्वी वाट होती तेथे एका सकाळीत वाट नाहीशी करणारी. टेक्सस संस्थानात बड्या जमीनदारांनी आपल्या जमिनीबरोबर सार्वजनिक रस्ते आणि पाणवठेही तारेत घेतले. १८८३ साली अवर्षण पडले, गुरे पाण्यावाचून मरू लागली, आणि रात्रीच्या रात्री तारा तोडणाऱ्यांच्या टोळ्या निघाल्या. माणसेही मारली गेली. १८८४ साली तेथील विधिमंडळाने जो कायदा केला तो आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो. तार तोडणे हा तुरुंगवासाचा गुन्हा ठरविला. परंतु त्याच वेळी दुसऱ्याची किंवा सरकारी जमीन तारेत घेणे हाही गुन्हा ठरविला, आणि सार्वजनिक रस्त्यावरून ज्याचे कुंपण जाईल त्याने दर तीन मैलांस एक फाटक ठेवावे व ते दुरुस्त राखावे असा दंडक घातला. म्हणजे कुंपणास संरक्षण मिळाले ते फाटकाच्या अटीवर.

तारेचा पुढील इतिहास दुःखाचा आहे. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात आणि १९१४ च्या महायुद्धात ती माणसांविरुद्ध वापरली गेली. दुसऱ्या महायुद्धातील बंदिवासांच्या छावण्या तर तिच्याच नावाने ओळखल्या जातात. गुरांसाठी निघालेली ही वस्तू शाळांच्या मैदानांभोवती येऊन बसली याचे कारण एकच, ती सर्वांत स्वस्त पडली. सिमेंटचे खांब, चार किंवा पाच तारा, झाले कुंपण. वर्ष दोन वर्षे ती ताठ राहते. मग चेंडू आणावयास एक मुलगा खालची तार वर करतो व दुसरा वरची खाली दाबतो. रोज असे शंभर वेळा घडले की ताण जातो. समुद्राचा खारा वारा उरलेले काम करतो. तार जागोजाग तुटते, टोके बाहेर येतात, आणि प्रत्येक पावसाळ्यात कोणाचा तरी सदरा नाहीतर पोटरी फाटून धनुर्वाताच्या सुईसाठी दवाखान्याची वाट धरावी लागते. मुलांसाठी राखलेल्या जागेचे कुंपणच मुलांस इजा करू लागले, म्हणजे ते बदलण्याची वेळ उलटून गेली असे समजावे.

शाळा, मुले आणि कुंपण या तिहींचा संबंध सांगताना युरोपातील एका मैदानाकडे वळणे आम्हांस आवश्यक वाटते. कारण मुलांच्या खेळास शिक्षणात मानाचे पान देणाऱ्या संत जॉन बॉस्को यांच्या कार्याचा एक काळ एका फाटक्या कुंपणाच्या आत गेला आहे. डॉन बॉस्को यांच्या सालेशियन संस्थेची माणसे १९०६ साली तंजावर येथे आली, आणि तेव्हापासून हे नाव आपल्या देशातील शाळांच्या मैदानांशी जोडलेले आहे. परंतु इटलीतील तुरीन शहरी प्रारंभी त्यांची जी दशा होती, ती वाचकांस कदाचित ठाऊक नसेल.

शहरात मजुरी करावयास आलेली, रविवारी कोणी विचारणारे नसलेली मुले जमवून ते त्यांस धर्मशिक्षण देत, वाचावयास शिकवीत व खेळू देत. गोंगाटामुळे त्यांस एका जागी कोणी टिकू देईना. एका कबरस्थानाजवळील प्रार्थनागृहातून निघाले, पिठाच्या गिरण्यांजवळून निघाले, मोरेत्ता नावाच्या पाद्र्याच्या घरातील खोल्यांतून निघाले. आणि १८४६ च्या आरंभी फिलिप्पी बंधूंकडून त्यांनी एक कुरण भाड्याने घेतले. स्वतः डॉन बॉस्को यांनी पुढे आपल्या आठवणी लिहिल्या, त्यांत या कुरणाभोवती केवळ एक विरळ झुडपी कुंपण होते व वाटेल त्यास आत येण्यास मोकळीक होती, असा उल्लेख आहे. मुलांची संख्या तीनशेंच्या वर गेली. वर छप्पर नाही, आसपास भिंत नाही. कुरणाच्या एका कोपऱ्यात ते बसून पापनिवेदने ऐकत आणि बाकीच्या जागेत मुले धावत. ढोल आणि कर्णा वाजला की सर्वांनी जमावयाचे व रांगेने जवळच्या देवालयात मिस्सेला जावयाचे, असा क्रम असे.

हे फार दिवस चालले नाही. कुरणाच्या मालकांनी येऊन पाहिले तो गवताचा पत्ता नाही. इतक्या पायांखाली मुळेसुद्धा मरून गेलेली. त्यांनी थकलेले भाडे सोडून दिले आणि पंधरा दिवसांत जागा रिकामी करावयास सांगितले. मालकांचा यात फारसा दोष होता असे आम्हांस म्हणवत नाही. गवत हे त्यांचे उत्पन्न, आणि पोरांनी ते तुडविले ही गोष्ट खरीच होती. त्या कुरणावरील शेवटचा दिवस म्हणजे १८४६ चा झावळ्यांचा रविवार, ५ एप्रिल. पुढच्या रविवारी या मुलांस कोठे न्यावयाचे हे ठाऊक नसलेला तो पाद्री कुरणाच्या कडेने एकटा फिरत रडला, असे त्याने स्वतःच लिहून ठेविले आहे. त्याच सायंकाळी पिनार्दी नावाच्या गृहस्थाच्या मालकीच्या एका बुटक्या पडवीची वर्दी आली, आणि १२ एप्रिलच्या ईस्टरला मुले तेथे गेली. पडवीभोवती पट्टीभर मोकळी जमीन मिळाली होती. १८५१ साली ते घर व सभोवतालची जागा त्यांनी विकत घेतली, तेव्हा कोठे त्यांस उठविणारे कोणी उरले नाही.

ज्या मैदानास कुंपण नव्हते तेथे सर्व मुले येऊ शकली. पण जे मैदान आपले नव्हते ते पंधरा दिवसांत गेले. जागेची मालकी निर्विवाद असावी आणि जागेची वाट मोकळी असावी, या दोहोंची गरज तुरीनच्या त्या तीन महिन्यांत एकाच वेळी दिसून आली. पुढे त्यांची माता मार्गारेता तेथे राहावयास आली व तिने कष्टाने भाजीचा मळा केला. मुलांनी लुटुपुटीच्या लढाईच्या भरात तोही तुडवून टाकिला, ही कथा प्रसिद्ध आहे. तिला दुःख झाले. खेळ मात्र बंद पडला नाही. आणि १८८४ साली, वृद्धापकाळी रोमहून १० मे रोजी धाडिलेल्या पत्रात डॉन बॉस्को यांनी आपल्या शाळेच्या दोन क्रीडांगणांची तुलना केली. जुन्या क्रीडांगणात शिक्षक मुलांमध्ये मिसळून खेळत. नव्यात मुले खांबांना टेकून उभी आणि शिक्षक आपापसांत बोलत दूर उभे. बंदिस्त, सुरक्षित, स्वतःच्या मालकीचे क्रीडांगण असूनही त्यांस ते ओस वाटले.

आता नव्या कुंपणाविषयी. चौकटी चौकटींची जी विणलेली जाळी आज बाजारात मिळते, तिची कथा इंग्लंडातील नॉरिच या गावी सुरू होते. ते गाव शतकानुशतके कापड विणणाऱ्यांचे. तेथील चार्ल्स बर्नार्ड याने १८४४ च्या सुमारास कापडाच्या मागाचे तत्त्व घेऊन तारेची जाळी विणणारे यंत्र रचिले. तार वाकडीतिकडी वळवून एकीत एक गुंतवीत न्यावयाची, की गाठ न मारता जाळी होते. काटा नाही, टोक नाही, चेंडू अडतो, वारा अडत नाही, आणि शिक्षकास रस्त्यावरूनही मैदान दिसते, मैदानावरून रस्ताही दिसतो.

जाळीस गंजापासून वाचविते ते जस्त. वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवून काढण्याच्या रीतीचा हक्क फ्रान्समधील सोरेल याने १८३७ साली घेतला. जस्त धातू मात्र आपल्या देशास नवा नव्हे, राजस्थानातील जावर येथे तो युरोपाच्या कित्येक शतके आधी भट्टीतून काढला जात होता. जस्ताचा गुण असा की, ते लोखंडावर केवळ रंगासारखे बसत नाही. मुलाम्यावर ओरखडा पडून लोखंड उघडे पडले तरी हवेचा मारा प्रथम जस्त आपल्यावर घेते व स्वतः झिजून लोखंडास राखते. म्हणून मुलामा जितका जाड, तितके कुंपणाचे आयुष्य अधिक. मिठागरांच्या प्रदेशात पातळ मुलाम्याची स्वस्त जाळी घेणे म्हणजे दर काही वर्षांनी नवीन वर्गणी गोळा करणे होय. हे काम ज्या मंडळींकडे सोपविले आहे त्यांनी जाळी वजनावर न घेता मुलाम्याची हमी पाहून घ्यावी, अशी त्यांस आमची नम्र विनंती आहे. कोपऱ्यावरील खांबांस तिरके टेके हवेत, वर व खाली ताणतार हवी. नाहीतर उत्तम जाळीसुद्धा एका हंगामात पोट काढून बसते.

भिंतीचा आग्रह धरणाऱ्या बंधूंचे म्हणणे आम्ही हलके लेखीत नाही. मुलींची सुरक्षितता, रात्री आत शिरून दारू पिणारे, रस्त्यावरील मोटारींची गर्दी, ही कारणे खरी आहेत. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, त्याच्या परिशिष्टात शाळेस क्रीडांगण असावे आणि शाळेची इमारत भिंतीने अथवा कुंपणाने सुरक्षित करावी, असे म्हटले आहे. अल्पसंख्याकांच्या शाळांस तो कायदा लागू होत नाही असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला हे खरे. तथापि कायद्याने भिंत अथवा कुंपण असे दोन्ही पर्याय ठेवले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आपल्याकडे तर निवड पाऊसच करून देतो. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर दिवसच्या दिवस पाण्याखाली होता, हे कोण विसरेल? सखल जमिनीवर सलग भिंत म्हणजे बांध. पाणी एका बाजूस तुंबले की शेजाऱ्याच्या घरात शिरते आणि अखेर भिंतीसच लोटते. २ जुलै २०१९ च्या रात्री मालाडच्या पिंपरीपाडा वस्तीवर संरक्षक भिंत कोसळून जी प्राणहानी झाली, ती पाण्याच्या रेट्यानेच. जाळीतून पाणी वाहून जाते. शिवाय भिंतीमागे काय चालले आहे ते कोणासच दिसत नाही. ज्या दुर्वर्तनाच्या भीतीने भिंत मागितली जाते, त्यालाच ती आडोसा देते.

राहिली ती वाट. १९९० च्या आगेमागे या भागात इमारतींचा लोंढा येऊ लागला, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली जमीन, पाणी व झाडे यांसाठी जो लढा दिला, तो सर्वांस ठाऊक आहे. ते २०२४ साली निवर्तले. त्या लढ्यानंतरही वाड्या गेल्या, बावखले बुजली, आणि मुलांनी धावावे अशी मोकळी जागा म्हणून कित्येक आळ्यांस शाळेचे मैदान एवढेच उरले. संध्याकाळी पूर्वेच्या कोपऱ्यातील फटीतून जी मुले आत येतात, त्यांतील पुष्कळ आपल्या शाळेची नाहीत, पुष्कळ आपल्या धर्माची नाहीत, काहींचे आईबाप कामासाठी दूरच्या प्रांतांतून येऊन भाड्याच्या खोल्यांत राहतात. नवी जाळी त्या फटीसह सारे मैदान बंद करील. जुने कुंपण मोडके होते म्हणून ती येऊ शकली. नवे चांगले आहे म्हणून त्यांनी रस्त्यावर खेळावे काय?

जे गृहस्थ म्हणतात की अशी वाट चालू दिली तर उद्या लोक तिच्यावर हक्क सांगतील, त्यांची शंका निराधार नव्हे. १८८२ चा वहिवाटीचा कायदा १८९१ साली मुंबई इलाख्यास लागू झाला. त्याप्रमाणे एखादी वाट उघडपणे, शांततेने, खंड न पडता आणि हक्क म्हणून वीस वर्षे वापरली गेली, तर तो हक्क कायम होऊ शकतो. पण यातच उत्तरही आहे. जो परवानगीने येतो तो हक्काने येत नाही. फटीच्या जागी दिंडी बसवावी, तिच्यावर शाळेच्या परवानगीने प्रवेश व येण्याच्या वेळा लिहिलेली पाटी लावावी, किल्ली शाळेकडे ठेवावी. म्हणजे वाटही राहील व मालकीही राहील. उलट, फट तशीच ठेवून तिच्याकडे डोळेझाक करणे हेच कायद्याच्या दृष्टीने अधिक धोक्याचे आहे. मालकीविषयी खरी चिंता असेल तर ती हद्दीकडे वळवावी. कुंपण दर दुरुस्तीस चार बोटे आत सरकते आणि शेजारची पडवी चार बोटे पुढे येते, हा सर्वत्रांचा अनुभव आहे. खड्डे खणण्यापूर्वी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी, हद्दीचे दगड शेजाऱ्यांस बोलावून त्यांच्या देखत दाखवावे, आणि नकाशाची एक प्रत पॅरिशच्या दप्तरात ठेवावी. या कामास जाळीच्या मानाने अगदी अल्प खर्च येतो.

ज्येष्ठ मंडळी सांगतात की तारेपूर्वी या मैदानास कोयनेलीचे कुंपण होते. उत्तरेच्या बाजूस, विहिरीजवळ, तिची काही खोडे अजून जिवंत आहेत. ती उपटू नयेत. जाळीच्या आतून हातभर अंतरावर, पहिला पाऊस पडताच, त्यांच्याच फांद्या खोचल्या तर दोनतीन वर्षांत जाळीच्या पायथ्याशी हिरवी पट्टी उभी राहील, धूळ अडेल, आणि छाटणीचे काम आठवीनववीच्या मुलांस पाळीपाळीने देता येईल. जुन्या काटेरी तारेची भेंडोळी मैदानाच्या कडेस टाकून ठेवू नयेत, पावसाळ्यात गवताखाली ती दिसत नाहीत. ती त्याच दिवशी भंगारात द्यावी. सिमेंटचे जे खांब शाबूत आहेत ते मात्र स्वयंपाकघरामागच्या पडवळीच्या मांडवास उपयोगी पडतील, असे शाळेच्या माळ्याचे म्हणणे असून त्यास सभेने संमती दिली आहे.